खऱ्याचा डबा

दुपारी दीड वाजता मार्लिस ट्वेट शेजारणीच्या गाडीतून उतरली, गॅरेजचं दार वर सरकवलं आणि तिथेच थबकली. लाल पिकअप ट्रक आत उभा होता. तिची चंदेरी छोटी गाडी मात्र जागेवर नव्हती.

हे उलटं होतं. नवरा, ऑरिन, सकाळी आठला मासे धरायला निघायचा होता, आणि हिवाळ्यात नदीवर जायचं म्हणजे ट्रकच न्यायचा. ट्रकला खिळ्यांचे टायर होते. मागच्या हौद्यात वजनासाठी वाळूची सहा पोती होती, शिवाय फावडं, ओढायचा पट्टा, झोपायची जाड पिशवी आणि पत्र्याच्या डब्यात मेणबत्त्या. चंदेरी गाडीत होता फक्त काचेवरचा बर्फ खरवडायचा प्लास्टिकचा तुकडा, आणि त्याचीही मूठ तुटलेली. बरं, तिची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ अडीचची होती. ‘बाराच्या आत घरी येतो’ असं ऑरिनने स्वतःहून सांगितलं होतं. एकाहत्तर वर्षांच्या या माणसाने जन्मभर पुष्कळांना पुष्कळ थापा मारल्या होत्या, पण वेळेबद्दल कधी मारली नव्हती.

स्वयंपाकघरात टेबलावर त्याचा फोन चार्जरला लावलेला सापडला. शेजारी फ्लाय, म्हणजे माशांना फसवायचा दोरा-पिसांचा खोटा किडा, बांधायचा छोटा शिकंजा होता आणि त्यात अर्धवट बांधलेली एक फ्लाय: गळावर लाल दोरा गुंडाळलेला, पिसं अजून लावायची होती. बाहेरचा पारा सकाळीच शून्याखाली अकरा अंशांवर होता. आता वारा सुटला होता आणि समोरच्या शेतातला कोरडा बर्फ जमिनीलगत धुरासारखा वाहत होता. मार्लिसने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात सव्वीस वर्षं रेडिओवर बसून बर्फ काढणाऱ्या ड्रायव्हरांशी बोलण्याचं काम केलं होतं. असा वारा सुटला की तासाभरात कोणते रस्ते बंद होतात, हे तिला पाठ होतं.

पण तो कोणत्या रस्त्याने गेला, हेच ठाऊक नव्हतं. सकाळी ती शेजारणीबरोबर निघाली तेव्हा तो तिला म्हणाला होता, “शीप ब्रिजला चाललोय.” शेजाऱ्याला म्हणाला होता, खिंडीकडे.

तिने ट्रक काढला आणि गावातल्या व्हर्नाच्या दुकानात गेली.

व्हर्ना स्टोल्ट्झच्या दुकानात फ्लाय मिळत, मासे धरायच्या छड्या मिळत, कॉफी मिळे आणि चार शब्द ऐकूनही घ्यावे लागत. शेगडीजवळच्या खुर्चीत क्लेम ओडेगार्ड बूट वाळवत बसला होता. हा निवृत्त शाळाबसचा ड्रायव्हर ऑरिनचा चाळीस वर्षांचा दोस्त होता, आणि चाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांना एकही खरी जागा सांगितली नव्हती.

“क्लेम, ऑरिन कुठे गेलाय?”

“मला काल म्हणाला, कॅनियनमध्ये,” क्लेम म्हणाला. “म्हणजे तिथे नक्की नाही.”

“मला म्हणाला शीप ब्रिज.”

“मी आत्ता शीप ब्रिजवरूनच येतोय. पाखरू नव्हतं तिथे. ट्रकही नव्हता.”

“ट्रक बाहेर उभा आहे. मी घेऊन आलेय. तो माझी गाडी घेऊन गेलाय.”

क्लेमच्या हातातून बूट गळून पडला. “तुझी ती डबी? या हवेत? का?”

“ते मला ठाऊक असतं तर इथे आले असते का?”

“का ते मी सांगते,” व्हर्ना काउंटरमागून म्हणाली. “त्याचा लाल ट्रक सगळा तालुका ओळखतो. ट्रक दिसला की तासाभरात मागे तीन गाड्या लागतात. आणि पहिली गाडी कुणाची असते, ते या क्लेमला विचार.”

“मी एकदाच गेलो होतो.”

“सोळा वेळा!”

व्हर्नाने घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी होते. मागे वळून तिने फळीवरून कॉफीचा जुना पत्र्याचा डबा काढला. बारा वर्षांपूर्वी हिवाळ्यात एकटा गेलेला एक माणूस थेट एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर सापडला होता. त्याने बायकोला एक जागा सांगितली होती आणि मित्रांना दुसरी. सगळ्यांनी चार दिवस चुकीच्या नद्या पालथ्या घातल्या. तेव्हापासून व्हर्नाने हा डबा ठेवला. हिवाळ्यात नदीवर जाणाऱ्याने कागदावर खरी जागा लिहायची, घडी घालून डब्यात टाकायची, आणि परतल्यावर स्वतःच्या हाताने काढून शेगडीत जाळायची. सूर्यास्ताला एक तास उरेपर्यंत डबा कुणी उघडायचा नाही. गावात जगाशी खोटं बोललं तरी चालत होतं, पण डब्याशी नाही.

“अजून दोन तास बाकी आहेत,” क्लेम म्हणाला.

“गप रे,” म्हणत व्हर्नाने झाकण काढलं.

ऑरिनचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर सगळे ओळखत. त्या अक्षरातल्या चिठ्ठ्या निघाल्या तीन. व्हर्नाने त्या काउंटरवर ओळीने मांडल्या. ‘शीप ब्रिज, खालचं वळण.’ ‘डटन खिंड, तुटक्या कुंपणामागे.’ ‘कॅनियन, तिसरा ओहोळ.’ तारीख एकावरही नव्हती.

“परत आल्यावर काढायच्या विसरला वाटतं,” व्हर्ना म्हणाली, पण तिच्या आवाजात खात्री नव्हती.

मार्लिसने चिठ्ठ्या तीनदा वाचल्या. तिचं डोकं चालेना. शीप ब्रिज सात मैलांवर. तिथून क्लेम नुकताच आला होता. डटनची खिंड रविवारपासून बंद होती, फाटकाला कुलूप होतं. कॅनियनच्या दरीतला कच्चा रस्ता काउंटी साफच करत नाही. तिच्या गाडीचं पोट पहिल्याच चढाला बर्फावर टेकलं असतं. तीन जागा, आणि तिन्ही अशक्य.

“तुटक्या कुंपणामागे...” क्लेम पुटपुटत होता. “तिथे मासे आहेत? चाळीस वर्षं मी त्या कुंपणाला पाठ करून उभा राहिलोय.”

“क्लेम!”

“नाही गं, मी फक्त... सॉरी.” त्याने नजर काढून घेतली, पण ओठ हलत होते. तो ओहोळ मोजत होता.

मार्लिसला त्याचा संताप यावा की कीव, तेही समजेना. तिने टेबलावरच्या लाल फ्लायचं सांगितलं. क्लेम लगेच म्हणाला, “लाल? मग कॅनियनच. तिथे लाल किडे असतात.”

“अरे, तो घरच्या टेबलावरसुद्धा चुकीची फ्लाय लावून ठेवणारा माणूस आहे,” व्हर्ना म्हणाली. “टोपीला खोचतो ती वेगळी, पाण्यात टाकतो ती वेगळी. तू गेल्या मंगळवारी त्याची टोपी बघूनच खिंडीत गेला होतास ना? काय मिळालं?”

“सर्दी.”

मार्लिसने दुकानातल्या फोनवरून शेरीफच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडचा माणूस दमलेला होता. हमरस्त्यावर वाऱ्याने उडवलेल्या बर्फात दिसेनासं होऊन नऊ मालट्रक एकमेकांवर आदळले होते.

“बाई, माझ्याकडे एकच गाडी मोकळी आहे. मला एकच जागा सांगा. कुठे पाठवू?”

तिने काउंटरवरच्या तिन्ही चिठ्ठ्यांवरून पुन्हा नजर फिरवली. क्लेमने तिच्या हातातून फोन घेतला. “कॅनियन. मीही निघतो तिकडेच.”

त्याने फोन ठेवला तेव्हा मार्लिस भिंतीकडे बघत होती. भिंतीवर ऑरिनचा मागच्या फेब्रुवारीतला फोटो लावला होता: हातात सत्तावीस इंची तपकिरी ट्राउट, मिशांना बर्फ. मासा लगेच पाण्यात सोडून दिला होता. जागा आजवर कुणाला कळली नव्हती. हा मासे धरणाऱ्यांच्या क्लबचा अध्यक्ष. फ्लाय सोडून गळाला गांडूळ लावणाऱ्यांशी तो नीट बोलतही नसे. हिवाळाभर दर मंगळवारी तो हसऱ्या चेहऱ्याने घरी यायचा. आणि आज मंगळवार होता.

मग तिला कॅलेंडर आठवलं.

रस्ते खात्याची सवय तिला सुटली नव्हती. गाडीत पेट्रोल भरलं की मीटरवरचे मैल ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मांडायची. डिसेंबरपासून आकडे जुळत नव्हते. ती स्वतः चर्च, किराणा आणि बहीण यांपलीकडे जात नव्हती. तरी अधूनमधून अडतीस मैल जास्त निघत. आधी तिला वाटलं, आपलीच बेरीज चुकली. मग तीनदा तेच निघालं. ऑरिनला विचारलं तर म्हणाला, “धुवायला नेली होती.” धुण्याची जागा दीड मैलावर आहे.

अडतीस, म्हणजे जायला एकोणीस. पूर्वेला एकोणीस मैलांवर काय, तर हॅरो. आणि हॅरोत राहायची अर्डिस बॉम. शरद ऋतूत तिचा नवरा गेला, तेव्हा त्याच्या बांबूच्या जुन्या छड्या विकायला मदत म्हणून ऑरिन चार दुपारी तिच्याकडे गेला होता. सात छड्यांना चार दुपारी कशाला लागतात, हा प्रश्न मार्लिसने मनात बरेच दिवस घोळवला होता आणि एकदाही विचारला नव्हता.

“हॅरोला काय आहे रे, क्लेम?” तिने विचारलं.

क्लेम कोट चढवत होता. “हॅरोला? काही नाही. धान्याचे दोन मनोरे आणि मैलापाण्याची तळी. पाणी म्हणशील तर तेवढंच. का?”

“सहज.”

क्लेम गेला. शेरीफची एकुलती एक गाडी कॅनियनकडे निघाली होती. तिने आता शब्द टाकला असता तर ती वळवता आली असती. पण सांगणार काय? कॅलेंडरवरची बेरीज आणि एका विधवेचं नाव? आणि ऑरिन खरंच कॅनियनमध्ये पडलेला असला तर?

“मी घरी जाऊन फोनजवळ बसते,” ती व्हर्नाला म्हणाली.

दारापर्यंत जाऊन ती परत आली. काउंटरवरचा कागदाचा तुकडा घेतला, पाठमोरी होऊन चार शब्द लिहिले, घडी घातली आणि तो डब्यात टाकला. व्हर्नाने तिच्याकडे पाहिलं. मग तिने झाकण लावलं.

हॅरोचा रस्ता सरळ होता आणि हीच त्याची खोड होती. उत्तरेचा वारा आडवा येई आणि डांबर एके ठिकाणी लखलखीत कोरडं, तर पुढच्याच शंभर फुटांवर काचेसारखं. मार्लिसने वेग पंचवीसवर ठेवला. सहाव्या मैलावर समोरून मालट्रक आला आणि त्याच्यामागचा बर्फाचा लोट काचेवर आदळला. चार सेकंद काहीच दिसलं नाही, ना रस्ता ना ट्रकचं नाक. तिने ब्रेकला पाय लावला नाही. नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि स्टिअरिंग धरून ठेवलं. लोट विरला तेव्हा ती मधल्या रेषेवर होती.

अकराव्या मैलावरचा पूल रस्त्याआधी गोठतो, हे तिने रेडिओवर हजारदा सांगितलं असेल. आज तोच पूल ओलांडताना ट्रकचं ढुंगण हलकेच डावीकडे सरकलं. वाळूच्या पोत्यांनी सावरलं. ही पोती त्या गाडीत नाहीत, तिच्या मनात आलं. फावडं नाही, पिशवी नाही, मेणबत्ती नाही. मग वाटलं, अर्डिसच्या बैठकीत बसला असेल तर मेणबत्ती कशाला हवी? तो तिथे उबेत बसलेला असावा, अशी तिने मनोमन प्रार्थना केली, आणि पुढच्याच क्षणी तो तिथे नसावा अशीही. यातलं आपल्याला खरं काय हवं आहे, हे पुढचे आठ मैल तिला ठरवता आलं नाही.

अर्डिसच्या घरासमोर चंदेरी गाडी नव्हती. अंगणात चाकाची एक खूण नव्हती. मार्लिसने दार ठोठावलं.

“ऑरिन?” अर्डिस दार किलकिलं करून म्हणाली. “ऑक्टोबरनंतर नाही आला गं. छड्या गेल्या, काम संपलं. काय झालंय? आत तरी ये.”

“नको, घाईत आहे.”

ट्रकमध्ये बसून तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. शेवटची जागाही गेली. सव्वातीन वाजले होते. तो अर्डिसकडे नव्हता, म्हणजे बाहेर कुठेतरी गारठ्यात होता. काही उमगेना. मैल बरोबर होते, माणूस नव्हता.

हीटरच्या जाळीतून बाहेरची हवा आत येत होती, आणि त्या हवेला वास होता. कुजकट, साबणासारखा, ओलसर. हा वास तिच्या ओळखीचा होता. याच वासापायी डिसेंबरात तिने गाडीतली पायपुसणी दोनदा धुतली होती आणि क्लेमच्या कुत्र्याला शिव्या दिल्या होत्या.

मैलापाण्याची तळी गावाबाहेर अर्ध्या मैलावर होती. जाळीच्या कुंपणाबाहेरून एक अरुंद वाट मागे जात होती. साफ केलेलं पाणी तिथे एका जाड नळातून ओढ्यात पडे. ते पाणी कोमट असल्यामुळे सगळा जिल्हा गोठलेला असताना हा दोनशे हातांचा ओढा वाहता होता. त्यातून वाफ निघत होती. वाफेत चिलटं होती, आणि चिलटांखाली पाण्यावर वर येणाऱ्या माशांची गोल गोल वर्तुळं उमटत होती.

वाट संपता संपता मोठा ढिगारा होता. मार्लिस तो नुसता बर्फ समजून पुढे गेली असती. पण त्यातून एक बारीक काळी काडी तिरपी वर आली होती आणि तिच्या टोकाला गोठलेला दोरा वाऱ्यावर टिकटिक वाजत होता. फ्लायच्या छडीचं टोक.

तिने फावडं घेतलं. गाडी नाकाने चरात गेली होती, मागची बाजू वाऱ्याने पार पुरून टाकली होती. इंजिन चालू होतं. धुराचा नळ बर्फाखाली, म्हणजे विषारी धूर गाडीतच, इंजिन चालू, आणि आत माणूस. रेडिओवर तिने असे दोन शेवट ऐकले होते. तिने दाराजवळचा बर्फ उपसला, दार खेचलं, आत वाकून किल्ली फिरवली आणि ऑरिनला कॉलर धरून बाहेर ओढलं. तो बर्फात बसला. चेहरा लालबुंद, डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही.

“ऑरिन! मी कोण? बोल!”

“व्हर्ना,” तो म्हणाला.

“ऑरिन!”

“डब्यात... डब्यात नाही टाकली,” तो म्हणाला. मग ओकला. मग बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. तिने झोपायची पिशवी त्याच्याभोवती गुंडाळली आणि दोन्ही हातांनी त्याची पाठ चोळत राहिली. दहा मिनिटांनी त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“मार्लिस? तू इथे कशी?”

“तू इथे कसा, ते सांग आधी.”

“सकाळी घसरली. चालत जाणार होतो, पण गुडघा... आणि गार वाजत होतं, म्हणून इंजिन लावलं.” त्याने छडीकडे बोट केलं. “सांधा गोठला. दोन तुकडे होईनात. नऊ फुटी छडी आत मावेना, म्हणून काच थोडी खाली ठेवली आणि टोक बाहेर. सारखा वारा येत होता. शिव्या देत होतो.”

मार्लिसने काचेवरची ती बोटभर फट पाहिली. छडीचा सांधा सुटला असता तर काच बंद झाली असती. एवढंच अंतर. ती खाली त्याच्या शेजारी बसली.

“तीन चिठ्ठ्या होत्या डब्यात,” ती म्हणाली.

“जुन्या. माझं अक्षर डब्यात दिसत राहावं म्हणून मुद्दाम ठेवल्या.” तो खाली मान घालून बोलत होता. “डब्यात खोटं लिहवेना. आणि हे खरं कसं लिहू गं? क्लबचा अध्यक्ष. भिंतीवर फोटो. आणि मासा कुठला, तर हॅरोच्या... याच्यामागचा.” त्याने तिचा हात धरला. “क्लेम नाही ना आला बरोबर?”

त्याला ट्रकमध्ये घालून तिने हॅरोच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी नाकाला प्राणवायू लावला, रक्त तपासलं आणि रात्रभर ठेवून घेऊ म्हणाले. बाहेर येऊन मार्लिसने व्हर्नाला फोन लावला. क्लेम कॅनियनच्या तोंडाशी दोनदा रुतून नुकताच दुकानात परतला होता. व्हर्नाने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“सापडला. जिवंत आहे,” मार्लिस म्हणाली. पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. क्लेम नाक शिंकरत होता की रडत होता, समजलं नाही.

“कुठे सापडला?” शेवटी त्याने विचारलं.

मार्लिसने क्षणभर विचार केला. शेरीफच्या माणसाला कॅनियनचा उगाच हेलपाटा पडला होता. खोट्याचा तिला वीट आला होता. “हॅरोला. मैलापाण्याच्या तळ्यामागे. तिथे मासे धरत होता.”

मग क्लेम हसायला लागला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

“राहू दे, राहू दे! जिवंत आहे ना, बास. जागा नको सांगूस. पण निदान थाप तरी बरी मार गं!”

“मी खरं सांगतेय, क्लेम.”

“हो हो. आणि मी पोप आहे.”

पुढच्या शनिवारी ऑरिन काठी टेकत दुकानात आला. डॉक्टरांनी पंधरा दिवस नदी बंद केली होती. दुकान भरलं होतं आणि सगळे त्याच्या खांद्यावर थापा मारत होते. क्लेम त्या आठवड्यात दोनदा खिंडीच्या फाटकापर्यंत जाऊन आला होता. तुटक्या कुंपणाबद्दल त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती. ऑरिन कुणाच्याच डोळ्यांकडे बघत नव्हता. तो काउंटरजवळ गेला, आपल्या तीन चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि एकेक करून शेगडीत टाकल्या.

“अजून एक आहे,” व्हर्ना म्हणाली. डब्यात हात घालून तिने घडी घातलेला कागद काढला आणि मार्लिसपुढे धरला. “ही तुझी. मी उघडली नाही.”

ऑरिनने आश्चर्याने बायकोकडे पाहिलं. “तूही टाकली होतीस? कुठली जागा लिहिलीस?”

मार्लिसने घडी न उघडता कागद मुठीत धरला. आत लिहिलं होतं: ‘हॅरो, अर्डिस बॉमचं घर.’ क्लेमने मान पुढे काढली.

“शीप ब्रिज,” ती म्हणाली, आणि शेगडीचं दार उघडून कागद आत टाकला.